कोठार शाबूत, किल्ली बदललेली

संगणकाच्या अंतर्भागात एक लहानशी आज्ञावली कायमची वस्तीला असते. वीज सुरू होताच प्रथम जागी होते ती हीच. स्मृती, पडदा, कळफलक यांची हजेरी घेऊन ती माहितीच्या कोठाराकडे, म्हणजे हार्ड डिस्ककडे वळते आणि तेथील विंडोज अथवा लिनक्स या कारभाऱ्याच्या हाती पुढील कारभार सोपवते. या आज्ञावलीस फर्मवेअर म्हणतात. मुख्य पटावरील फर्मवेअर बायोस किंवा यूईएफआय या नावांनी ओळखले जाते.

दोष निवारण्यासाठी निर्माते त्याची नवी आवृत्ती वेळोवेळी देतात. ती बसविल्यावर कधी कधी मोठा विलक्षण प्रसंग ओढवतो. काल सुरळीत चाललेला संगणक आज निळा पडदा दाखवितो, किंवा डिस्क सापडतच नाही असे सांगतो. वर्षानुवर्षांची छायाचित्रे, हिशेब, अर्धा लिहिलेला प्रबंध सारे गेले, अशा समजुतीने मालक घाबरतो आणि घाईने डिस्क कोरी करून बसतो. खरे नुकसान होते ते येथे.

वास्तविक पुष्कळदा कोठारास धक्काही लागलेला नसतो. नवी आवृत्ती येताना जुन्या मांडणीच्या नोंदी पुसल्या जाऊन कारखान्यातील मूळ नोंदी परत येतात. डिस्कशी व्यवहार करण्याच्या एएचसीआय, रेड अशा निरनिराळ्या पद्धती आहेत. विंडोज ज्या पद्धतीत बसविले असेल, तिचाच दुभाषी ते आरंभी सोबत घेते. पद्धत बदलली की संवाद खुंटतो. अशा वेळी संगणक सुरू होताना एफ-२, डिलीट यांसारखी नेमलेली कळ दाबून मांडणीच्या पानावर जावे आणि पूर्वीची पद्धत पुन्हा निवडावी. कोणत्या डिस्कवरून प्रारंभ करावयाचा तो क्रमही पाहावा. जुन्या धाटणीने बसविलेल्या विंडोजला लागणारी सीएसएम ही सोय बंद झाली असल्यास ती सुरू करावी.

डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर फर्मवेअर बदलल्याची चाहूल लागताच ते ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली मागते. ती पुष्कळदा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. मात्र ती कोठेच नसेल, तर कोठार शाबूत असूनही कायमचे बंद राहते.

डिस्कचे स्वतःचेही फर्मवेअर असते, आणि तेथील चूक अधिक बिकट. जानेवारी २००९ मध्ये सीगेट कंपनीने बाराकुडा ७२००.११ मालिकेतील दोषावर दिलेल्या नव्या फर्मवेअरमुळेच ५०० गिगाबाइटच्या काही डिस्क संगणकाला दिसेनाशा झाल्या, आणि कंपनीस ते मागे घ्यावे लागले. असे झाल्यास निर्मात्याने दुरुस्त आवृत्ती दिली आहे काय ते पाहावे. डिस्कवर काहीही नवे लिहू नये. डिस्क दिसत असेल, तर पेनड्राइव्हवरील लिनक्सने संगणक चालवून माहिती प्रथम दुसरीकडे उतरवून घ्यावी.

याहून सोपे काम आधीचे आहे. माहितीची एक प्रत वेगळी ठेवावी, मांडणीच्या पानाचे छायाचित्र घ्यावे, किल्ली कागदावर उतरवावी, बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे आणि वीज मध्येच जाणार नाही अशी तजवीज करावी. अर्ध्या तासाची ही तयारी अनेक वर्षांचा संचय राखते.