हृदयातील रक्तप्रवाहाचे ध्वनिदर्शन

गोंदिया जिल्हा विदर्भातील सिकलसेलग्रस्त पट्ट्यात मोडतो. या आनुवंशिक रोगात तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात व लवकर फुटतात, हे आता खेड्यापाड्यांतूनही ठाऊक झाले आहे. परंतु काही प्रौढ रुग्णांत फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीतील दाब हळूहळू वाढतो व हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण पडतो, ही गोष्ट तितकी परिचित नाही. आरंभी रुग्णास फारसे काही जाणवतही नाही. हा दाब शरीरात नळी न घालता अजमावता येतो, तो ध्वनीच्या साहाय्याने. म्हणून भाषेच्या ध्वनींचा अभ्यास करणाऱ्याने त्यात लक्ष घालणे अप्रस्तुत ठरू नये.

मनुष्यास सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपनांचा ध्वनी ऐकू येतो. हृदयाच्या तपासणीत याहून कितीतरी वरचा, काही दशलक्ष कंपनांचा श्राव्यातीत ध्वनी छातीत सोडतात. १९५३ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे एडलर व हेर्ट्‌झ यांनी त्याच्या प्रतिध्वनीवरून हृदयाची हालचाल टिपली. रक्ताचा वेग मात्र डॉप्लरच्या नियमाने कळतो. हा नियम त्याने १८४२ मध्ये मांडला, तो जोडताऱ्यांच्या रंगांचा विचार करताना. रक्तपेशी ध्वनीच्या उगमाकडे येत असतील तर परतणाऱ्या ध्वनीची कंपनसंख्या वाढते, दूर जात असतील तर घटते. शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर धरला, तर २५ लक्ष कंपनांच्या ध्वनीत २.५ मीटर वेगाच्या रक्तामुळे सुमारे ८,००० कंपनांचा फरक पडतो. पाठविलेला व परतलेला असे दोन्ही ध्वनी कानाच्या कक्षेबाहेरचे, पण त्यांतील अंतर मात्र कक्षेतले! यंत्र हे अंतरच ऐकविते.

उजवे अलिंद व निलय यांमधील त्रिदल झडप किंचित गळत असेल, तर निलयाच्या आकुंचनाबरोबर रक्ताचा झोत मागे येतो. त्याच्या वेगाच्या वर्गास चारांनी गुणले की दोन्ही कप्प्यांतील दाबाचा फरक पाऱ्याच्या मिलिमीटरांत मिळतो, २.५ मीटर वेगास २५ मिलिमीटर. त्यात अलिंदातील दाब मिळविला की, पुढील झडप अरुंद नसल्यास, फुप्फुस रोहिणीतील दाबाचा अंदाज येतो. मात्र ध्वनिकिरणाने झोताशी ६० अंशांचा कोन केला तर वेग निम्मा दिसतो आणि दाबाचा फरक चौथाईवर येतो. एकाच जागेवरून पाहून दाब ठीक आहे असे म्हणणे म्हणूनच धोक्याचे होय.

पडद्यावर उगमाकडे येणारा प्रवाह तांबडा व दूर जाणारा निळा दाखविण्याचा प्रघात आहे. शालेय आकृत्यांतील शुद्ध व अशुद्ध रक्ताशी या रंगांचा काहीही संबंध नाही. शब्द आणि अर्थ यांच्याप्रमाणे येथेही संबंध निव्वळ संकेताचा आहे.

अंकाचेही तसेच. वेग २.५ मीटर वा अधिक असलेल्या प्रौढ सिकलसेल रुग्णांत मृत्यूचे प्रमाण जास्त आढळल्याचे अमेरिकेतील अभ्यासात २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. तर २०११ मधील फ्रेंच अभ्यासात, नळी घालून दाब प्रत्यक्ष मोजला असता, अशा रुग्णांपैकी सुमारे चौथाईतच तो खरोखर वाढलेला निघाला. हे रुग्ण मुख्यतः आफ्रिकी वंशाचे होते. विदर्भातील सिकलसेल बहुतांशी अरब-भारतीय प्रकारचा आहे. तेव्हा ही मर्यादा आपल्या रुग्णांना जशीच्या तशी लावण्यापूर्वी ती येथेच पडताळून पाहिली पाहिजे.