टपूकडा की चाकण?

संध्याकाळी सहाला बनी पार्कातून गाडी बाहेर काढली की पहिल्या पाच मिनिटांतच तिची परीक्षा सुरू होते. कलेक्टरेट सर्कलचा वळसा, सिंधी कॅम्प बसस्टँडकडे वळणाऱ्या रोडवेजच्या बस, मध्येच थांबून सवारी घेणाऱ्या ई-रिक्षा, आणि स्टेशन गाठायच्या घाईत सामानासकट रस्ता ओलांडणारे प्रवासी. बनी म्हणजे लहानसं बन. आपल्या देवराईला राजस्थानात देवबनी म्हणतात. इथलं बन आता नावापुरतं उरलंय, जुन्या कोठ्यांची हॉटेलं झाली आहेत, आणि रुंद आखलेले रस्तेही संध्याकाळी पुरत नाहीत.

समजा, बदलीवर जयपूरला आलेलं एक मराठी कुटुंब इथे भाड्याने राहतंय. घरात तीन वर्षांची हायब्रिड सेडान आहे. एक-दोन मोठे हप्ते भरून कर्ज मिटवलंय, मुलगी शिकायला पुण्यात आहे, आणि पंचेचाळिशीतल्या गृहस्थांचं मन मात्र दुसऱ्याच गाडीवर गेलंय: पिकअपवाली, पायाखाली दाबताच झेपावणारी. बायको म्हणते, “अहो, आहे तिला काय झालंय?” खरं म्हणजे काहीच झालेलं नाही. अडचण तीच आहे. कुरकुरणारी गाडी विकायला कारण लागत नाही, गुणी गाडी विकताना मात्र घरच्यांना उत्तर द्यावं लागतं.

या वादातल्या दोन गाड्या योगायोगाने दोन राज्यांच्या आहेत. होंडाची सिटी ई:एचईव्ही ही हायब्रिड मे २०२२ मध्ये आली. ती राजस्थानात, जुन्या अलवर जिल्ह्यातल्या टपूकड्याच्या कारखान्यात बनते. त्याच वर्षी जूनमध्ये फोक्सवॅगनची व्हर्टस आली, आणि तिचं दीड लिटर टर्बो इंजिनाचं जीटी रूप मराठी गाडीवेड्यांच्या तोंडी बसलं. ती पुण्याजवळ चाकणला बनते. म्हणजे जयपुरात बसून राजस्थानची गाडी देऊन महाराष्ट्राची घ्यायची, असा हा सौदा.

आधी हायब्रिड. बटण दाबलं की आवाज येत नाही, फक्त समोर ‘रेडी’ उजळतं. नवीन माणूस पुन्हा बटण दाबतो आणि गाडी बंद करून बसतो. सर्कलपर्यंतच्या रांगेत गाडी मोटरवर सरकते, इंजिन झोपलेलं असतं. ब्रेकवर पाय ठेवला की समोरच्या चित्रातले बाण उलटे फिरतात. साध्या गाडीत ब्रेकच्या उष्णतेत वाया जाणारा वेग इथे मोटर उलटी चालवून बॅटरीत परत भरला जातो. सिंधी कॅम्पपर्यंत दहा वेळा थांबावं लागलं, तर दहा वेळा थोडी थोडी परतफेड. सिटीच्या रचनेत कमी-मध्यम वेगाला इंजिन बहुधा चाकांना जोडलेलंच नसतं, ते नुसता जनरेटर असतं आणि चाकं मोटर फिरवते. मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना मात्र एक क्लच इंजिनाला थेट चाकांशी जोडतो.

इंजिनही वेगळ्या जातीचं असतं. ॲटकिन्सन चक्र हे त्याचं नाव, एकोणिसाव्या शतकातल्या जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज इंजिनिअरवरून पडलेलं. आजच्या गाड्यांत ते असं साधतात: आत ओढलेल्या हवेपैकी थोडी परत बाहेर जाऊ द्यायची, झडप उशिरा मिटायची. मग दाबायला हवा कमी आणि पसरायला जागा जास्त, त्यामुळे पेट्रोलच्या प्रत्येक थेंबातून काम जास्त निघतं. बदल्यात इंजिनाची ताकद घटते, आणि ती उणीव मोटर भरून काढते.

सिटी हायब्रिडच्या मोटरचा टॉर्क २५३ न्यूटन मीटर आहे. व्हर्टस जीटीच्या टर्बो इंजिनाचा २५०. शोरूममध्ये हे कुणी आपणहून सांगत नाही. शिवाय मोटरचा जोर थांबलेल्या गाडीतही लगेच मिळतो, टर्बोला मात्र धुराड्यातल्या वायूने आपलं पातं फिरवेपर्यंत क्षणभर थांबावं लागतं. त्यामुळे सिग्नल सुटल्यावर पहिल्या पन्नास मीटरांत हायब्रिडवाला मागे पडेलच असं नाही. फरक पुढे कळतो. व्हर्टसकडे १५० पीएस शक्ती आहे, सिटी हायब्रिडची सगळी मिळून सव्वाशेच्या आसपास, आणि ती आपल्या साध्या पेट्रोल बहिणीपेक्षा शंभराहून अधिक किलोने जड. ऐंशीच्या वेगावरून ट्रकला ओलांडायचं असेल तेव्हा एकीत पाठ सीटला टेकते, दुसरीत इंजिन आधी कोकलतं आणि गाडी त्याच्या मागून धावते. गाडी चालवण्याची हौस असलेल्या माणसाला हा आवाज खटकतो. त्याला मूर्ख म्हणायचं कारण नाही, हाताला आणि कानाला जे लागतं ते आकड्यांत मावत नाही.

स्टिअरिंगचंही तसंच. व्हर्टस जीटीचे टायर २०५ मिलिमीटर रुंद, सिटी हायब्रिडचे १८५. वळणावर हे वीस मिलिमीटर बोलतात. उलट ब्रेकचा मामला गमतीचा आहे: काटकसरी म्हणवणाऱ्या हायब्रिडला चारही चाकांना डिस्क, आणि ‘स्पोर्टी’ व्हर्टसला मागे साधे ड्रम. ड्रमने गाडी थांबत नाही असं नव्हे, पण स्पोर्टी या शब्दात किती इंजिन असतं आणि किती लाल पट्ट्या असतात, हे ज्याने त्याने पाहावं.

डिकी उघडली की आणखी एक फरक दिसतो. सिटीच्या पेट्रोल गाडीत ५०६ लिटर सामान मावतं, हायब्रिडमध्ये बॅटरीने जागा खाऊन ३०६ लिटर उरतं. व्हर्टसची डिकी ५२१ लिटरची. दिवाळीला जयपूरहून पुण्याला निघताना रजया, लाखेच्या बांगड्यांचे डबे आणि घेवराचे खोके भरायचे असतील, तर हे दोनशे लिटर अश्वशक्तीपेक्षा महत्त्वाचे ठरतात.

आता पैसे, कारण मराठी घरात चर्चा शेवटी ‘ॲव्हरेज किती देते?’वर येतेच. कागदावर सिटी हायब्रिडला आली तेव्हा लिटरला २६.५ किलोमीटर मिळत होते, व्हर्टस जीटीच्या ऑटोमॅटिकला १९च्या आसपास. रस्त्यावर दोन्ही आकडे उतरतात, आणि शहरात टर्बोचा जास्त उतरतो. गृहीत धरू की बनी पार्कातल्या वापरात हायब्रिड २० देते आणि जीटी १२. वर्षाला १२,००० किलोमीटर म्हणजे एकीला ६०० लिटर, दुसरीला १,०००. लिटरला १०५ रुपये धरले तर फरक वर्षाला ४२,००० रुपये, महिन्याला साडेतीन हजार.

साडेतीन हजारांसाठी भांडणारे लोक दुसरीकडे लाखांकडे काणाडोळा करतात. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीवर एकरकमी रस्ताकर १२ टक्के आहे. अठरा लाखांच्या गाडीवर तो झाला २ लाख १६ हजार. म्हणजे पेट्रोलचा पाच वर्षांचा सगळा फरक नंबर प्लेट लागायच्या आधीच आरटीओत जमा. विमा, ॲक्सेसरीज आणि नव्या गाडीची शोरूमच्या फाटकाबाहेर पडताच होणारी घसरण अजून धरलेलीच नाही. राजस्थानात कराचा हिशेब वेगळा, पण ढंग तोच. चालती गाडी बदलण्यात खरा खर्च पेट्रोलचा नसतो, बदलण्याचाच असतो.

बदलीवाल्यांच्या बाबतीत आणखी एक गाठ असते. २०२१च्या सप्टेंबरपासून बीएच मालिकेचा नंबर मिळू लागला. सरकारी आणि लष्करी नोकर, तसंच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी तो घेऊ शकतात, आणि कर पंधरा वर्षांचा एकदम न भरता दोन दोन वर्षांचा भरतात. अशी गाडी विकताना घेणारा पात्र नसेल, तर त्याला राज्याचा नंबर घेऊन तिथला कर भरावा लागतो. ती रक्कम तो कुणाच्या खिशातून काढणार, हे सांगायला नको.

जीएसटीनेही गणित हलवलं. २२ सप्टेंबर २०२५च्या आधी मोठ्या हायब्रिडवर सेससकट ४३ टक्के कर होता, आणि त्याच अंगाच्या पेट्रोल सेडानवर ४५. आता दोघींवर सरसकट ४० टक्के. हायब्रिडला कराची जी थोडी मेहेरबानी होती ती गेली. नव्या गाड्या स्वस्त झाल्या की जुन्यांचे भावही खाली सरकतात, त्यामुळे त्याआधी हायब्रिड घेतलेल्या माणसाला एक्सचेंजमध्ये मिळणारा आकडा ऐकून घाम फुटला तर नवल नाही. मारुतीच्या ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाच्या हायरायडरच्या मालकांचीही हीच कथा. या दोन्ही गाड्या बनतात कर्नाटकात, बिडदीच्या टोयोटा किर्लोस्कर कारखान्यात. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चौथ्या पिढीतले विक्रम किर्लोस्कर नोव्हेंबर २०२२ मध्ये गेले, हायब्रिड इनोव्हा हायक्रॉस जगाला दाखवल्यानंतर काही दिवसांतच. टोयोटा किर्लोस्करनेच जुलै २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरला सुमारे २०,००० कोटींच्या कारखान्यासाठी महाराष्ट्र सरकारशी करार केला, आणि त्यात हायब्रिड गाड्यांचा उल्लेख आहे.

हायब्रिडवर पहिल्यांदा हात पोळून घेतले तेही होंडानेच. २००८ मध्ये सिव्हिक हायब्रिड साडेएकवीस लाखांना आणली, गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा त्याच वर्षी किंमत तब्बल आठ लाखांनी उतरवली. त्या सवलतीत गाडी घेणारे मनातल्या मनात हसले असतील, आधी घेणाऱ्यांची मनःस्थिती वेगळी सांगायला नको.

मग झेपावणारी गाडी घ्यायचीच नाही? रस्ता पाहावा लागेल. याच गृहस्थांचं काम दर आठवड्याला दिल्लीला जाण्याचं असेल, तर हिशेब उलटतो. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाचा सोहना-दौसा टप्पा फेब्रुवारी २०२३ मध्ये खुला झाला, जयपूरला त्याच्याशी बांदीकुईत जोडणाऱ्या सुमारे ६७ किलोमीटरच्या रस्त्यावर २०२५ मध्ये वाहतूक सुरू झाली, आणि तिथे कारला ताशी १२० ची मुभा आहे. अशा रस्त्यावर ब्रेकच लागत नाही, म्हणजे परतफेडही नाही, आणि हायब्रिडचा फायदा आटत जातो. जीटीचं इंजिन याच्या उलट वागतं: जोर कमी लागत असेल तर चारपैकी दोन सिलिंडर आपोआप बंद ठेवतं. ज्याचे महिन्याचे दोन हजार किलोमीटर हायवेवर जातात, त्याला पेट्रोलचा फरक फारसा जाणवणार नाही आणि ओव्हरटेकला जोर मिळेल. ज्याचे तेच किलोमीटर कलेक्टरेट आणि स्टेशनच्या मध्ये जिरतात, त्याने १५० पीएस घेऊन करायचं काय? तिथे कोरड्या दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स मुंगीच्या पावलाने ढकलत राहिला की तापतो, आणि जयपूरचा मे महिना त्याला मदत करत नाही.

हायब्रिडलाही राजस्थानची धूळ सोसत नाही, हे मात्र खरं. अनेक हायब्रिडमध्ये बॅटरी थंड ठेवण्यासाठी केबिनमधली हवा ओढणारी जाळी मागच्या सीटपाशी असते. तिच्यावर उशी, पिशवी किंवा दुपट्टा पडला, किंवा आंधीनंतर तिचा फिल्टर साफ केला नाही, तर बॅटरीचा श्वास कोंडतो. कंपन्या बॅटरीवर आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात. तीन वर्षांत गाडी विकणारा यातली पाच वर्षं अनोळखी माणसाला देऊन टाकतो.

मधला एक मार्गही निघालाय, आणि तो पुन्हा चाकणचा. महिंद्राची बीई ६ ही इलेक्ट्रिक गाडी नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. मोठ्या बॅटरीची गाडी शून्य ते शंभर ६.७ सेकंदांत गाठते असा कंपनीचा दावा आहे, आणि तिच्यावर जीएसटी ५ टक्केच. स्वस्तात पळायचं आणि जोरातही पळायचं, या दोन हौशी एकाच गाडीत बसू लागल्या. बनी पार्कातल्या जुन्या कोठीचं पोर्च असेल तर घरी चार्जर बसतो. सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटवाल्याला मात्र आधी सोसायटीची परवानगी मिळवावी लागेल, आणि तो प्रवास दिल्लीपेक्षा लांबचा असू शकतो.

ज्याला ठरवताच येत नाही, त्याने टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या सोयीने घेऊ नये. सकाळी अकराला रिकाम्या रस्त्यावर कुठलीही टर्बो गाडी गोड वाटते. संध्याकाळी सहाला मागून घ्यावी, शक्यतो घरच्यांना मागे बसवून, आणि कलेक्टरेट ते स्टेशन नेऊन आणावी. दुसऱ्या रविवारी तीच गाडी, किंवा तशीच एखादी, दिवसभर भाड्याने घेऊन अजमेरला जाऊन यावं. या दोन फेऱ्यांचा खर्च मिळून एका महिन्याच्या हप्त्यापेक्षा कमी येतो.

आणि एवढं करूनही बदलायचीच ठरली, तर जुनी गाडी हातातून जाण्याआधी विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र लिहून घ्यावं. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. क्लेम न केलेल्या वर्षांप्रमाणे तो २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढतो, आणि नव्या गाडीच्या विम्यात वजा होतो. पत्र तीन वर्षं चालतं.