पथ्य म्हणजे नुसती बंदी नव्हे

सेवाग्राम किंवा सावंगीच्या दवाखान्यातून ऑपरेशन झालेला माणूस घरी आला, की पहिला प्रश्न येतो, 'पथ्य काय?' आपल्याला त्यातून ऐकायचं असतं ते काय खायचं नाही एवढंच. डाळ नको, दही नको, आंबट नको. उरतं काय? भाताची पेज आणि वरणाचं पाणी. वास्तविक 'पथ्य' हा शब्द 'पथ' वरून आला. वाटेला उपयोगी पडतं ते पथ्य. इथे वाट बरं होण्याची.

बापूकुटीतल्या माणसाचंच उदाहरण घेऊ. 1918 साली गांधीजी आमांशाने अंथरुणाला खिळले. दूध न घेण्याचं त्यांचं व्रत होतं. मुंबईचे डॉ. दलाल म्हणाले, दुधाशिवाय शरीर भरून यायचं नाही. तेव्हा कस्तुरबांनी सुचवलं, शेळीचं दूध घ्यायला काय हरकत? व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती. गांधीजी तयार झाले. लवकरच डॉ. दलालांनी गुदद्वाराच्या चिरांची शस्त्रक्रिया केली आणि तब्येत सुधारत गेली. पण व्रताचा शब्द पाळला, आत्मा गेला, ही बोच त्यांनी आत्मकथेत लपवली नाही.

आम्हाला इथे विचार करावासा वाटतो. नियमाचा शब्द मोठा की हेतू? गांधीजींना निदान बोच होती. आपण तर पथ्याचा हेतूच विसरतो आणि रोग्याला उपाशी ठेवून सेवा केल्याचं समाधान मानतो.

आमचा विषय तत्त्वज्ञान, वैद्यक नव्हे. पण एवढं डॉक्टर सांगतातच: जखम भरायला प्रथिनं लागतात, आणि पेजेत ती फार थोडी. डॉक्टरांनी जेवण सुरू करायला सांगितलं, की घट्ट वरण, मुगाची मऊ खिचडी, दही, खात असतील त्यांना अंडं द्यावं. एकदम ताटभर नको. थोडं थोडं, पाच-सहा वेळा. दुखण्याच्या काही गोळ्यांनी शौचाला कडक होते. म्हणून पाणी, भाजी, फळ हवं. जखम भरेपर्यंत चतुर्थी-एकादशीचे उपास बाजूला ठेवले तर देव रागावत नाही.

आतड्याचं ऑपरेशन असेल, मधुमेह किंवा किडनीचा आजार असेल, तर मात्र प्रत्येक गोष्ट डॉक्टरांना विचारूनच.

तेव्हा सुट्टी होताना 'काय खायचं नाही?' हे जरूर विचारा. पण त्याच्या आधी विचारा, 'काय खायचं, किती आणि केव्हापासून?'