विद्युत गीझरमधील बिघाड

विद्युत गीझर हे स्नानासाठी व घरगुती वापरासाठी विजेवर पाणी तापवणारे उपकरण आहे. पाणी न तापणे, अपुरे तापणे, वीजपुरवठा वारंवार तुटणे, पाणी गळणे आणि नळाला किंवा पाण्याला हात लावताच विजेचा धक्का बसणे हे त्यातील नेहमीचे बिघाड होत. पहिल्या चारांमुळे प्रामुख्याने गैरसोय होते. पाचवा मात्र प्राणघातक ठरू शकतो. म्हणून लक्षणावरून कारण ओळखणे जितके उपयुक्त, तितकेच कोणती तपासणी घरी करावी आणि कोणती विजतंत्र्याकडे सोपवावी हे जाणणे आवश्यक आहे.

नाव व पार्श्वभूमी

'गीझर' हा शब्द आइसलँडमधील एका उष्णोदकाच्या कारंज्याच्या नावावरून आला. लंडनमधील बेंजामिन मॉन यांनी १८६८ मध्ये गॅसवर चालणारे तापयंत्र तयार केले व त्याला हे नाव दिले. महाराष्ट्रातील घरांत चुलीवरील हंडा आणि तांब्याचा बंब ही पाणी तापवण्याची पारंपरिक साधने होती. बंबात मधल्या नळकांड्यातील जाळाने भोवतालचे पाणी तापते. विद्युत गीझरमध्ये जाळाची जागा विजेच्या एलिमेंटने घेतली आहे.

काही देशांत एलिमेंट थेट फवाऱ्यातच बसवलेला विद्युत शॉवर वापरतात. ८.५ किलोवॉटच्या अशा शॉवरला २३० व्होल्ट दाबावर सुमारे ३७ अँपिअर प्रवाह लागतो. भारतीय घरांतील नेहमीचा मोठा सॉकेट १६ अँपिअरचा असल्याने येथे गीझर व त्याला जोडलेला साधा फवारा हीच व्यवस्था रूढ आहे.

प्रकार व रचना

साठवणीच्या गीझरची टाकी बहुधा ६ ते २५ लिटरची आणि एलिमेंट साधारणतः २ किलोवॉटचा असतो. त्वरित तापवणाऱ्या गीझरमध्ये १ ते ३ लिटर पाणी मावते व एलिमेंट बहुधा ३ किलोवॉटचा असतो. या दोहोंना अनुक्रमे सुमारे ९ व १३ अँपिअर प्रवाह लागतो.

साठवणीच्या गीझरमध्ये थंड पाणी टाकीच्या तळाशी शिरते आणि वरचे तापलेले पाणी बाहेर ढकलते. त्यामुळे गच्चीवरील टाकी रिकामी झाली की गीझरमधील गरम पाणीही नळाला येत नाही. ठरावीक तापमान गाठल्यावर थर्मोस्टॅट वीज तोडतो. तो निकामी झाल्यास दुसरे संरक्षण म्हणून थर्मल कटआउट असतो. आतील दाब प्रमाणाबाहेर वाढल्यास सुरक्षा झडप पाणी बाहेर सोडते. टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमची कांडी बसवलेली असते. टाकीऐवजी ती स्वतः झिजते.

लक्षणे व कारणे

पाणी अजिबात तापत नाही. प्रथम एमसीबी, सॉकेट व स्विच पाहावा. अनेक गीझरमधील तापनदर्शक दिवा एलिमेंटला समांतर जोडलेला असतो. तो पेटत असूनही पाणी थंडच राहिले, तर एलिमेंट तुटला असण्याची शक्यता अधिक. पाणी थंड असूनही दिवा पेटत नसेल, तर दोष वीजपुरवठ्यात, थर्मोस्टॅटमध्ये, कटआउटमध्ये किंवा खुद्द दिव्यात असू शकतो. कटआउटचे बटण पुन्हा दाबून गीझर सुरू करता येतो. मात्र तो वारंवार पडत असेल, तर थर्मोस्टॅट बदलण्याची गरज असते. कटआउट वगळून तारा थेट जोडणे हा उपाय नव्हे, धोका आहे.

पाणी कोमट येते. याचे कारण नेहमी बिघाडच असते असे नाही. ३ किलोवॉटचा त्वरित गीझर मिनिटाला २ लिटर प्रवाहात पाण्याचे तापमान सुमारे २१ अंश सेल्सिअसने वाढवतो. प्रवाह ३ लिटर केल्यास ही वाढ सुमारे १४ अंशांवर येते. तोटी थोडी आवळल्यावर पाणी अधिक गरम येत असेल, तर उपकरण ठीक आहे. विजेचा दाब कमी असणे हेही कारण असू शकते. एलिमेंटची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणून २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाल्यास २,००० वॉटचा एलिमेंट सुमारे १,५०० वॉटच उष्णता देतो. मिश्रण तोटीतून थंड पाणी गरम नळीत मिसळत असल्यासही पाणी कोमट येते.

तापताना आवाज येतो. एलिमेंटवर क्षारांचा थर बसल्याचे हे लक्षण होय. थराखाली पाणी अडकून त्याची वाफ होते आणि खदखद ऐकू येते. पुढे एलिमेंट प्रमाणाबाहेर तापून तडकतो.

एमसीबी पडतो. स्विच लावताच पडल्यास तारांचा परस्परसंपर्क, म्हणजे शॉर्ट सर्किट, असण्याची शक्यता असते. काही मिनिटांनी पडल्यास त्या वाहिनीवर भार अधिक आहे किंवा एखादा जोड सैल आहे. आरसीसीबी पडत असेल, तर वीज नियत मार्ग सोडून गीझरच्या धातूकडे किंवा पाण्याकडे झिरपत आहे. तडकलेला एलिमेंट हे त्याचे नेहमीचे कारण.

प्लग काळवंडतो. प्लगच्या पिना व सॉकेट यांचा संपर्क सैल झाला की त्या जागी उष्णता निर्माण होते. असा प्लग व सॉकेट दोन्ही बदलावे लागतात.

पाणी गळते. २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापताना पाणी सुमारे १.४ टक्के प्रसरण पावते. २५ लिटरच्या टाकीत ही वाढ सुमारे ३५० मिलिलिटर होते. त्यामुळे तापताना सुरक्षा झडपेतून थेंब पडणे स्वाभाविक आहे. ते थांबवण्यासाठी झडपेचे तोंड बुजवल्यास टाकी फुटू शकते. गीझर बंद असतानाही गळती होत असेल, तर झडप, जोड किंवा टाकी खराब झालेली असते. गंजून गळणारी टाकी बहुधा बदलावीच लागते.

विजेचा धक्का

नळ, फवारा किंवा पाणी यांतून झिणझिण्या जाणवल्यास दोन दोष एकत्र असण्याची दाट शक्यता असते: गीझरमधून वीज झिरपत आहे आणि अर्थिंग काम करत नाही. अर्थिंग सुस्थितीत असते तर झिरपणाऱ्या विजेला जमिनीकडे जाण्याचा सोपा मार्ग मिळाला असता. ओल्या त्वचेचा विद्युतरोध बराच कमी होत असल्याने स्नानगृहातील धक्का अधिक घातक असतो. अशा वेळी कोरड्या जागेतून, कोरड्या हातांनी एमसीबी किंवा मुख्य स्विच बंद करावा आणि दुरुस्ती होईपर्यंत गीझर वापरू नये. 'धक्का सौम्य आहे' म्हणून वापर चालू ठेवणे जिवावर बेतू शकते. कोणी चिकटले असल्यास त्यास हात लावण्यापूर्वी वीज तोडावी.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी अशी गळती ओळखून क्षणार्धात पुरवठा तोडतो. एमसीबी हे काम करू शकत नाही, कारण माणसाचा प्राण घेणारा प्रवाह एमसीबी पाडण्याइतका मोठा नसतो.

घरी करावयाची व विजतंत्र्याने करावयाची तपासणी

नळाला पाणी येते का, एमसीबी चालू आहे का, थर्मोस्टॅट किती अंशांवर आहे, प्लग काळवंडला आहे का आणि फवाऱ्याच्या छिद्रांत क्षार साचले आहेत का, एवढे घरी पाहता येते. गीझरचे आवरण उघडावयाचे काम विजतंत्र्याचे आहे. तो पुरवठा तोडून एलिमेंटचा रोध मोजतो. २ किलोवॉटच्या एलिमेंटचा रोध सुमारे २६ ओहम, तर ३ किलोवॉटच्या एलिमेंटचा सुमारे १८ ओहम असावा. मोजमाप अनंत आले, तर एलिमेंट तुटलेला असतो. त्याखेरीज एलिमेंट व टाकी यांमधील विद्युतरोधन आणि घराचे अर्थिंगही तपासून घ्यावे. केवळ एलिमेंट बदलून अर्थिंग तसेच ठेवल्यास मूळ धोका कायम राहतो.

मानपाडा परिसरातील परिस्थिती

मानपाडा हे स्थलनाम ठाणे जिल्ह्यात दोन ठिकाणी आढळते: ठाणे शहरात घोडबंदर रस्त्यालगत आणि डोंबिवली पूर्वेस. दोन्ही भागांत वीजवितरण महावितरण करते. नळाचे पाणी अपुरे पडल्यास गृहसंकुलांत कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणी वापरले जाते. कूपनलिकेच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असल्यास एलिमेंटवर थर लवकर बसतो. अशा ठिकाणी गीझर वेळोवेळी आतून साफ करून घेणे हितावह असते. उंच इमारतींत पाण्याच्या प्रत्येक १० मीटर उंचीमागे सुमारे १ बार दाब वाढतो. म्हणून खालच्या मजल्यांसाठी योग्य दाबक्षमतेचा गीझर निवडावा लागतो. पाणी बंद असताना टाकी भरलेली असल्याची खात्री झाल्याखेरीज गीझर सुरू करू नये, कारण कोरडा एलिमेंट अल्पावधीत जळतो.

प्रतिबंधक काळजी

उपकरणावर भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह असावे. गीझरसाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट व पुरेशा जाडीची तांब्याची तार वापरावी; एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नये. थर्मोस्टॅट ५५ ते ६० अंशांवर ठेवल्यास क्षार कमी साचतात व विजेची बचत होते. आरसीसीबीवरील चाचणी बटण अधूनमधून दाबून पाहावे. ते दाबताच पुरवठा तुटला नाही, तर आरसीसीबी निकामी झाला असे समजावे. साठवणीचा गीझर पाणी तापल्यावर बंद करूनच स्नान करणे ही सर्वांत सोपी खबरदारी होय. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापण्यास २ किलोवॉटच्या गीझरला सुमारे १८ मिनिटे लागतात. तेवढी प्रतीक्षा सुरक्षिततेच्या मानाने अल्प आहे.