यकृताची कड

पोटाचा सीटी स्कॅन उघडला की पडद्याच्या डाव्या अंगाला यकृत दिसतं. समोर उभ्या माणसाचं उजवं आपल्या डावीकडे येतं, तसंच. आजचा स्कॅन यकृतदात्याचा आहे. धाकटा भाऊ थोरल्याला यकृताचा भाग देणार आहे. सर्जनना आधी आकडे हवेत: अख्खं यकृत किती मिलीलीटर, काढायचं किती, आणि देणाऱ्याच्या पोटात उरणार किती. उरणारा भाग साधारण ३० टक्क्यांच्या खाली गेलेला चालत नाही. यकृत १४०० मिलीलीटरचं आहे असं समजा. ते अगदी चेंडूसारखं गोल असतं, तरी सगळीकडून कड एक मिलिमीटर बाहेर सरकली की ६० मिलीलीटर वाढले असते. खरं यकृत चेंडूहून कितीतरी वेडंवाकडं, म्हणजे चूक आणखी मोठी.

पूर्वी मी ही कड हातानं काढत असे. तीनशे स्लाइस, प्रत्येकीवर माउसनं एक रेघ. दुपारपर्यंत मनगट भरून यायचं आणि दोनशेव्या स्लाइसवरची रेघ पहिल्या स्लाइसइतकी प्रामाणिक राहायची नाही.

आता आयटीके-स्नॅप हा प्रोग्रॅम उघडतो. आधी छटांची मर्यादा ठरवायची. हौन्सफील्ड मापात पाणी शून्य, हवा उणे १०००, आणि कॉन्ट्रास्ट दिलेलं यकृत शंभराच्या आसपास. मग यकृताच्या आत चार-पाच बुडबुडे टाकायचे, एखादा उजव्या खंडात, एखादा डाव्या, आणि प्ले दाबायचं. बुडबुडे फुगू लागतात. दोन बुडबुडे एकमेकांना टेकतात आणि पापणी लवायच्या आत एकच होतात. हे मी शेकडो वेळा पाहिलं असेल, तरी त्या क्षणी नजर हलत नाही.

या एकजीव होण्यामागची युक्ती १९८८ सालची. त्याआधी प्रतिमेवर दोरीसारखी रेषा टाकून तिचे बिंदू सरकवत नेत. अशा दोन दोऱ्या भेटल्या की गुंता. स्टॅन्ली ओशर आणि जेम्स सेथियन यांनी रेषेचा पाठलागच सोडला. त्यांनी एक उंचसखल पृष्ठभाग धरला आणि जिथे उंची शून्य, तीच रेषा मानली. उजनी धरणाचं पाणी उतरताना पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळेल. पाण्याबाहेर दोन उंचवटे दिसत असतात, पातळी खाली गेली की त्यांचं एकच बेट होतं. काठाची रेषा कुणी जोडली नाही. जमीन होती तशीच आहे, पातळी बदलली. आमच्या कामात पातळी शून्यावर पक्की असते आणि खालची जमीनच हळूहळू वरखाली होते, एवढाच फरक. मूळ लेखाचा विषय होता ज्वाला आणि वाढते स्फटिक. वैद्यकीय प्रतिमांवर हे तंत्र पुढे रवी मल्लाडी, सेथियन आणि बाबा वेमुरी यांच्या १९९५ च्या कामातून ठळकपणे आलं.

खरी परीक्षा यकृताच्या माथ्यावर. तिथे वर हृदय टेकलेलं असतं, मध्ये पातळ श्वासपटल, आणि कॉन्ट्रास्टनंतर दोन्हीकडची करडी छटा जवळजवळ सारखी. आज तिथेच बुडबुड्यांच्या लाल पृष्ठभागातून करंगळीएवढं टोक वर निघालं. आम्ही याला गळती म्हणतो. मी वक्रतेचं वजन वाढवलं. वक्रता म्हणजे रेषेच्या अंगचा ताण, तो वाढला की बारीक टोकं आपोआप आत ओढली जातात. गळती थांबली, पण डाव्या खंडाचं निमुळतं, खरंखुरं टोकही त्याबरोबर गेलं. वजन कमी केलं, टोक परत आलं, गळतीही आली.

शेजारी बसलेल्या रेडिओलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या, "थांब, ते हृदय आहे. आणि खाली बघ, पित्ताशयही आत घेतलंयस."

"वजन मधलं ठेवून बघू का, मॅडम?"

"नको. टोक राहू दे, हृदय मी हातानं कापते."

त्यांनी सहा स्लाइसवर ब्रश फिरवला. पित्ताशय काढलं, मोठी शीर वगळली. तेवढ्यानं आकडा बदलला.

२०१५ मध्ये यू-नेट हे न्यूरल नेटवर्क आलं आणि आता असं शिकवलेलं जाळं हेच काम काही सेकंदांत करतं, बहुतेक वेळा चांगलंच करतं. मीही पहिली रेघ अनेकदा त्याच्याकडूनच घेतो. पण ते चुकतं तेव्हा उत्तर तयार होऊनच समोर येतं. बुडबुड्यांच्या पद्धतीत गळती डोळ्यांदेखत सुरू होते. कुठल्या भिंतीतून आणि कुठल्या वजनामुळे, हे दिसतं, आणि प्ले थांबवता येतं. दात्याच्या स्कॅनवर मला ही सोय सोडवत नाही.

आयटीके-स्नॅप मोफत मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. मेडिकल किंवा इंजिनिअरिंगला असाल, तर सरावासाठी मोफत उपलब्ध असलेला एखादा स्कॅन घ्या, यकृतात एकच बुडबुडा टाका आणि तो हृदयापर्यंत पोहोचेतो पाहत बसा.