जुन्नरचा भिक्षुसंघ आणि द्राक्षवेल : एक शोध

प्रस्तावना

मठ आणि द्राक्षमळा यांचे नाते युरोपच्या इतिहासात सुपरिचित आहे. फ्रान्समधील बरगंडी प्रांतात १०९८ मध्ये सितो येथे स्थापन झालेल्या मठाच्या साधूंनी बाराव्या शतकापासून वूजो येथे द्राक्षमळा उभारला. सुमारे पन्नास हेक्टरांच्या या मळ्याला त्यांनी दगडी कुंपण घातले. तेथील पिनो न्वार या काळ्या द्राक्षाची तांबडी वाइन आजही जगभर नावाजलेली आहे. ख्रिस्ती उपासनेतील मुख्य विधीस वाइन अनिवार्य असल्याने द्राक्षमळा ही त्या मठांची धार्मिक गरजच होती.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात लेणी आहेत आणि द्राक्षबागाही आहेत. २०१८ साली हा तालुका विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून घोषित झाला. तेव्हापासून लेणी पाहून द्राक्षबागेत उतरणाऱ्या पर्यटकाला या दोहोंचा काही प्राचीन संबंध असावा असे वाटणे स्वाभाविक आहे. शिवाय जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. यवन म्हटले की मद्य, आणि मद्य म्हटले की द्राक्षमळा, अशी साखळी सहज जुळते. ती पुराव्याला कितपत उतरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शिलालेखांतील शेते व झाडे

इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या सुमारास सुरू झालेले जुन्नरचे लेणीकाम इ. स. तिसऱ्या शतकापर्यंत चालले. लेण्याद्री, तुळजा, शिवनेरी आणि मानमोडी या डोंगरांत मिळून दोनशेच्या आसपास खोदकामे आहेत. नाणेघाटातून कल्याणकडे उतरणारा व्यापारी मार्ग जवळच होता. लेण्याद्रीच्या चैत्यगृहाचा दाता सुलसदत्त हा कल्याणचाच होता.

या लेखांचे वैशिष्ट्य असे की त्यांतून संघाच्या उत्पन्नाची साधने कळतात. पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, आणि भिक्षूंसाठी खोदलेली लेणी ही दाने सर्वत्रच आढळतात. मानमोडीच्या अंबा-अंबिका गटातील लेख मात्र शेतांविषयी बोलतात. अदुथुम नावाच्या शक उपासकाने वडालिका गावातील वीस निवर्तने आणि कटपुतक येथील नऊ निवर्तने जमीन दिली. ल्यूडर्स यांच्या १९१२ च्या सूचीनुसार पहिली जमीन करंजाची आणि दुसरी वडाची झाडे लावण्यासाठी होती. अन्य लेखांत आंब्याचाही उल्लेख येतो. बुरूडकाम करणारे व कासार यांच्या श्रेणींकडे रकमा ठेवून त्यांच्या उत्पन्नातून संघाचा खर्च भागवण्याची व्यवस्थाही होती. आजच्या भाषेत ती कायम ठेवच म्हणावी लागेल.

करंज, वड, आंबा ही यादी लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. करंजाच्या बियांचे तेल दिव्याला चालते आणि लेण्यांतील अंधारात त्याचे मोल मोठे असणार. वड सावली देतो, आंबा फळ देतो. तिन्ही झाडे एकदा मूळ धरले की सह्याद्रीच्या पावसावर जगतात. जो संघ पावसाळ्याचे पाणी कातळात साठवून वर्षभर पुरवीत होता, त्याला दिलेली ही झाडे आहेत. या यादीत द्राक्षाला स्थान नाही.

रस चालतो, मद्य चालत नाही

द्राक्षमळा नव्हता याचे कारण विनयाच्या नियमांत शोधण्याचा मोह होतो. सुरा आणि मेरय यांचे पान करणे हा भिक्षूसाठी पाचित्तिय वर्गातील अपराध होय. त्यामागची कथा सागत या भिक्षूची आहे. त्याने एका नागाचे दमन केले, म्हणून कौशांबीच्या उपासकांनी घरोघरी त्याला 'कापोतिका' नावाचे स्वच्छ मद्य पाजले आणि तो नगरद्वाराशी कोसळला. टीकाकारांच्या मते कापोतिका म्हणजे कबुतराच्या पायासारखी तांबूस झाक असलेले मद्य. बौद्ध संघाची मद्यबंदी अशा रीतीने एका तांबड्या पेयापासून सुरू झाली, ही गंमतीची गोष्ट आहे.

परंतु विनयाने द्राक्ष वर्ज्य केलेले नाही. महावग्गात भिक्षूंना आठ पेयांची अनुज्ञा आहे. त्यांत आंबा, जांभूळ, केळे, फालसा यांच्याबरोबर 'मुद्दिका', म्हणजे मृद्वीका किंवा द्राक्ष, स्पष्टपणे नोंदले आहे. मध्यान्हीनंतर अन्न घेता येत नसे, तेव्हा हे रस आधार देत. मात्र ते दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंतच ग्राह्य असत. ही कालमर्यादा सूक्ष्म आहे. उष्ण प्रदेशात पिळलेला द्राक्षरस उघडा राहिला तर एकदोन दिवसांतच फसफसू लागतो, आणि येथून मद्याची सीमा सुरू होते. सातव्या शतकात युआन श्वांगनेही हाच भेद नोंदवला : क्षत्रिय द्राक्षाचे व उसाचे मद्य घेत, तर श्रमण व ब्राह्मण त्यांचा न आंबवलेला रस घेत.

रंगाचा मुद्दाही येथेच उलगडतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर रंगहीन असतो. रंग सालीत असतो. साल व रस एकत्र ठेवून आंबवले की सालीतील रंगद्रव्य उतरते आणि तांबडी वाइन तयार होते. पिळून लगेच गाळलेला भिक्षूंचा रस फिकटच राहणार. तांबडेपणा हा आंबण्याच्या दिवसांचा परिणाम आहे आणि नेमके ते दिवस विनयाने नाकारले.

मद्य समुद्रावरून आले

मग यवनांचे काय? जुन्नरच्या तीन लेखांत इरिल, चिट आणि चंद हे यवन दाते येतात. इरिलाने दोन पोढ्या दिल्या, चिटाने संघासाठी भोजनमंडप दिला, चंदाने गर्भद्वाराचे काम करविले. मद्याचा वा मळ्याचा उल्लेख एकाही लेखात नाही. शिवाय यवन म्हणविणारे हे लोक उपासक म्हणून देणगी देत होते, हे विसरता कामा नये.

मद्य या प्रदेशात येत होते, ते समुद्रमार्गे. इ. स. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रंथात भडोचच्या आयातीत इटालियन, लाओदिकियन व अरबी वाइन नोंदली आहे. राजासाठी उंची वाइन वेगळी येई. नेवासे व तेर येथे भूमध्य समुद्राकडील कुंभांचे तुकडे सापडले आहेत. मात्र पूर्वी रोमन मानलेले पश्चिम भारतातील काही तुकडे डांबराचा लेप असलेल्या मेसोपोटेमियन कुंभांचे आहेत, असे पुढील संशोधनात दिसून आले. त्यामुळे तुकडा सापडला की रोमन वाइन, हे समीकरण आता सैल झाले आहे. कौटिल्यानेही द्राक्षमद्याला कापिशायन व हारहूरक ही वायव्येकडील प्रदेशांवरून आलेली नावे दिली आहेत.

निया येथील साक्ष

केवळ विनयामुळे जुन्नरला द्राक्षमळा नव्हता असे म्हणावे, तर एक अडचण उभी राहते. ऑरेल स्टाइन यांना १९०१ मध्ये तकलामकान वाळवंटातील निया येथे खरोष्ठी लिपीतील प्राकृत लेख मिळाले. तिसऱ्या-चौथ्या शतकांतील या लाकडी पट्ट्यांत बौद्ध भिक्षू द्राक्षमळ्यांचे मालक म्हणून आणि त्यांचे खरेदी-विक्री व्यवहार करताना दिसतात. विनय तेथेही ठाऊक होता, तरीही मळे होते; कारण नदीच्या पाटांवर द्राक्ष हे तेथील नेहमीचे पीक होते. याचा अर्थ असा की संघाची मालमत्ता त्या-त्या प्रदेशातील शेतीवरून ठरते, आज्ञा तिला फक्त मर्यादा घालते. निया येथे मळा मिळाला, जुन्नरला करंज मिळाला.

दख्खनमध्ये द्राक्ष येतच नव्हते असे नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूताने दौलताबादला द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा येतात असे नोंदवले. हिवाळ्यात वेल पूर्ण सुप्तावस्थेत जात नसल्याने येथे हे घडते. आजचा बागायतदार त्यावर दोन छाटण्यांनी नियंत्रण ठेवतो : एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. बरगंडीत सप्टेंबरमध्ये तोडणी होते. येथे साधारण तेव्हाच हंगामाची तयारी चालते. फळ जानेवारी ते एप्रिल या कोरड्या महिन्यांत पिकते, आणि त्यासाठी लागते ते हुकमी पाणी.

हे पाणी जुन्नर-आंबेगावला विसाव्या शतकात कुकडी प्रकल्पाने दिले. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावातील घोडनदीवरचे डिंभे ही त्याची धरणे. डिंभ्याच्या जलाशयात जुने आंबेगाव बुडाले. बागायतीच्या हिशेबात ही किंमतही धरली पाहिजे. १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी नारायणगाव येथे फ्रेंच तंत्रसाहाय्याने फसफसणारी वाइन काढली. 'ओमर खय्याम' या नावाने ती परदेशात गेली. पुढे तांबड्या वाइनही निघाल्या. २००८ नंतरच्या मंदीत कंपनी अडचणीत आली व अखेर अवसायनात गेली. आज तालुक्यातील द्राक्षबागांत शरद सीडलेस, जम्बो अशा खाण्याच्या काळ्या वाणांना महत्त्व आहे.

स्थानिक इतिहासाचे प्रकल्प देताना आणि लेण्यांच्या पायथ्याशी माहितीफलक लिहिताना महाविद्यालयीन अध्यापकांचे साहाय्य घेतले जाते. त्या फलकावर संघाच्या मळ्याची कल्पित कथा येण्यापेक्षा अदुथुमाची वीस आणि नऊ निवर्तने, करंज व वड यांचा उल्लेख यावा. आणि शक्य असेल तेथे फलकाशेजारी करंजाचे एखादे रोप लावावे.