बहुप्रणाली पेनड्राइव्ह : रचना, कार्यपद्धती आणि ग्रामीण महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील उपयोजन

प्रस्तावना :

विंडोज १० या कार्यप्रणालीची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आवश्यक असून इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक प्रोसेसर तिच्या अधिकृत यादीत बसत नाहीत. कवठे महांकाळसारख्या सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्व भागातील तालुक्याच्या ठिकाणी प्रयोगशाळा एकदा उभी राहिली की तीच अनेक वर्षे चालवावी लागते. चालू स्थितीतील संगणक केवळ या कारणास्तव भंगारात काढणे अशा संस्थेस परवडणारे नाही. कोणत्या यंत्रावर कोणती कार्यप्रणाली चालेल, हे प्रत्यक्ष पडताळण्यासाठी अनेक कार्यप्रणाली एकाच पेनड्राइव्हवर बाळगणे हा अल्पखर्चाचा मार्ग होय.

रचना व कार्यपद्धती :

सर्वसाधारण पद्धतीत एका पेनड्राइव्हवर एकच आयएसओ फाइल उतरविली जाते. दुसरी हवी असल्यास पहिली पुसावी लागते. व्हेंटॉय या २०२० साली आलेल्या मुक्तस्रोत साधनाने ही अडचण दूर केली. ते पेनड्राइव्हचे दोन भाग करते. मोठा भाग एक्सफॅट स्वरूपाचा असून त्यात आयएसओ फाइली नेहमीप्रमाणे नकलून ठेवावयाच्या असतात. दुसरा भाग अवघा ३२ एमबीचा असून संगणक सुरू करणारा ग्रब हा प्रोग्रॅम त्यात असतो. संगणक प्रथम ग्रबकडे येतो, ग्रब मोठ्या भागातील फाइलींची यादी पडद्यावर दाखवितो आणि निवडलेली आयएसओ फाइल ही जणू स्वतंत्र डिस्क आहे असे संगणकास भासवितो. फाइल उलगडावी लागत नाही. मोठ्या भागास फॅट३२ स्वरूप देणे मात्र गैरसोयीचे ठरते. कारण त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही आणि विंडोज ११ ची आयएसओ फाइल ही मर्यादा ओलांडते. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज ११, लिनक्स मिंट, डेबियन व सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही भारतीय लिनक्स प्रणाली सहज मावतात. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२-बिट संगणकांवरील स्थापनेची सोय काढून टाकली. म्हणून जुन्या यंत्रांसाठी डेबियन १२ ची ३२-बिट फाइलही जपून ठेवावी.

दक्षतेच्या बाबी :

व्हेंटॉय स्थापताना पेनड्राइव्हवरील सर्व माहिती नष्ट होते. यादीत चुकून दुसरी डिस्क निवडली गेल्यास तिच्यावरील गुणपत्रके व प्रात्यक्षिकांच्या नोंदीही जातात; तेव्हा इतर बाह्य डिस्क आधी काढून घ्याव्यात आणि आकारमान वाचूनच होकार द्यावा. उतरविलेल्या प्रत्येक फाइलीचा शा-२५६ अंक मूळ स्थळावरील अंकाशी ताडून पाहणे हे काम कंटाळवाणे असले तरी टाळू नये. विजेच्या व इंटरनेटच्या लपंडावात फाइल अर्धवट उतरणे नवलाचे नाही. व्हेंटॉयमधील काही आयत्या द्विमान फाइलींच्या उगमाविषयी २०२४ पासून मुक्तस्रोत वर्तुळात आक्षेप घेतले गेले आहेत. प्रयोगशाळेसाठी हे साधन वापरण्यास हरकत नसावी, परीक्षा विभागाच्या संगणकासाठी मात्र एका प्रणालीचा स्वतंत्र पेनड्राइव्हच बरा.

आरंभ-यादीत तोच पेनड्राइव्ह अनेकदा दोनदा दिसतो, एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ अशा उल्लेखासह आणि एकदा त्याविना. मूळ विंडोज यूईएफआय पद्धतीने बसविलेली असताना लिनक्स जुन्या बायोस पद्धतीने बसविल्यास दोहोंची सामाईक निवड-यादी तयार होत नाही. सिक्युअर बूट चालू असल्यास प्रथम वापराच्या वेळी व्हेंटॉयची किल्ली त्या यंत्रात एकदा नोंदवावी लागते.

मराठी मजकुराची कसोटी :

लिनक्स मिंटसारखी प्रणाली स्थापना न करता, केवळ रॅममधून चालवून पाहता येते. डिस्कवरील माहितीस धक्का लागत नाही. ही सोय मराठी विभागासाठी विशेष मोलाची आहे. इनस्क्रिप्ट कळफलक विंडोज व लिनक्स या दोहोंत उपलब्ध असल्याने टंकलेखनाची सवय बदलावी लागत नाही. खरी अडचण जुन्या प्रश्नपत्रिकांची आहे. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेल्या फाइली तो फाँट नसलेल्या यंत्रावर निरर्थक रोमन अक्षरांच्या स्वरूपात उघडतात. म्हणून प्रयोगशाळेतील एका संगणकावर प्रथम अशा चार-पाच फाइली उघडून पाहाव्यात, त्यांचे युनिकोड रूपांतर करून घ्यावे आणि त्यानंतरच उर्वरित यंत्रांवरील विंडोज १० पुसण्याचा निर्णय घ्यावा.